डोंगरावरची पालेभाजी आणि आपला विवेक



कार्तिकातलं अष्टान्हिक पर्व संपलं की आमच्या घरात दोन गोष्टी एकदमच सुरू होतात. चातुर्मासात बंद असलेली पालेभाजी स्वयंपाकघरात परत येते, आणि माळ्यावर टाकलेल्या पाठीवरच्या सॅक खाली उतरतात. मेथी, चाकवत, करडई, हरभऱ्याची कोवळी भाजी याच दिवसांत उत्तम मिळते. सह्याद्रीत गडकोट फिरायलाही हेच दिवस चांगले. त्यामुळे दरवर्षी मंदिरात, हळदीकुंकवाला कुणीतरी मला विचारतंच, "काकू, तुम्ही गडावर मुक्कामाला जाता, मग जेवणाचं काय करता? पालेभाजी वगैरे नेता का?"

"नेते" एवढंच सांगून मी आजवर विषय संपवत आले. यंदा नीट लिहायचं ठरवलंय, कारण या प्रश्नावर माझं मत बनलंय ते माझ्या हातून झालेल्या एका चुकीमुळे. ती चूक सांगितल्याशिवाय मत सांगणं प्रामाणिकपणाचं होणार नाही.

काही वर्षांपूर्वी पौष महिन्यात आम्ही सांगलीहून पाच जणी आणि माझी लेक अशा सहा जणी राजगडावर गेलो होतो. बेत असा की गुंजवण्याहून राजगड चढायचा, पद्मावती माचीवर मुक्काम करायचा आणि दुसऱ्या दिवशी संजीवनी माचीकडून आळू दरवाजाने बाहेर पडून तोरण्याला जायचं, मग खाली वेल्ह्यात उतरायचं. बाकीच्या जणींनी पाकिटं घेतली होती. गरम पाण्यात घातलं की तयार होणारा उपमा, पुलाव, शेवया. मी पाकिटं उलटसुलट करून वाचली. हिरवा ठिपका सगळ्यांवर होता, पण निम्म्यांत कांदा-लसणाची पूड आणि दोनांत बटाट्याचा चुरा. मी तिथंच व्याख्यान दिलं. हिरवा ठिपका म्हणजे फक्त शाकाहार, तो आपल्या मर्यादेबद्दल काही सांगत नाही, पीठ कधी दळलंय ते सांगत नाही, कंदमूळ आहे की नाही ते सांगत नाही. यात चूक काहीच नव्हतं. पण माझ्या बोलण्यात तोरा होता. "मी तुम्हाला वर ताजी मेथीची भाजी करून वाढते, बघा," असं म्हणून मी नसरापूरच्या बाजारात गाडी थांबवली आणि मेथीच्या तीन जुड्या घेतल्या. निवडायचं काय, वर गेल्यावर निवांत निवडू.

निवांतपणा मिळालाच नाही. गाडीचं चाक पंक्चर झालं, चढायला सुरुवात करायलाच दुपारचे साडेबारा वाजले. एकीचा गुडघा धरला. माचीवर पोचलो तेव्हा सव्वापाच झाले होते. पौषात सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो. म्हणजे दोन घटिका आधी, सव्वापाचला आमचं जेवण उरकायला हवं होतं, आणि आम्ही तेव्हा कुठं पाठीवरचं ओझं खाली ठेवत होतो.

माझा रात्रिभोजन त्यागाचा नियम आहे. मी चार खजूर खाल्ले, पाणी प्यायले आणि हात धुतले. पण बरोबरच्या दोघींना नियम नव्हता, आणि माझ्या लेकीलाही तेव्हा नव्हता. पोरी दमलेल्या, भुकेल्या. आणि मी तर भाजीचा शब्द दिलेला. कपाळाला टॉर्च बांधून मी मेथी निवडली. जुडीतली पानं ओरबाडून पातेल्यात टाकली म्हणणं जास्त खरं होईल. दोन पाण्यांतून काढली, जिऱ्या-मिरचीची फोडणी दिली, भिजवलेली मूगडाळ घातली आणि वाढली. पोरींनी बोटं चाटली. मी बाजूला बसून पाहत होते, आणि खरं सांगते, मला समाधान वाटत होतं. माझा नियम शाबूत, आणि पोरींच्या पोटात पाकिटाऐवजी ताजी भाजी.

सकाळी पातेलं घासायला घेतलं. तळाला चमचाभर भाजी उरली होती. उन्हात पाहिलं तर त्यात दोन अळ्या. हिरव्या, पानाच्याच रंगाच्या, शिजलेल्या.

मी पातेलं उपडं केलं आणि कुणाला काही बोलले नाही. दिवसभर तोरण्यापर्यंत चालले, पण पायांपेक्षा मनालाच जास्त चढ लागला. मी खाल्लं नव्हतं, म्हणून माझा नियम मोडला नव्हता, अशी मी स्वतःची समजूत घालत होते. पण पाठशाळेत लहानपणी शिकलेलं कसं विसरता येईल? कृत, कारित, अनुमोदना. स्वतः करणं, दुसऱ्याकडून करवणं आणि दुसऱ्यानं केलेल्याला मान देणं, तिन्ही सारखंच बांधतं. इथं तर निवडलं मी, शिजवलं मी, वाढलं मी. तोंड तेवढं कोरडं ठेवलं.

त्या वर्षी क्षमावणीला मी चौघींच्याही घरी गेले आणि झालं ते सांगितलं. दोघी हसल्या, "अहो काकू, एवढं काय!" म्हणाल्या. एकीचा चेहरा पडला, तिची मी आजही अपराधी आहे. लेकीला मात्र त्याआधीच, गड उतरताना सांगून टाकलं होतं. ती थोडा वेळ गप्प चालली आणि म्हणाली, "आई, तू पाकीट करून वाढलं असतंस तर बरं झालं असतं. निदान त्या दोन अळ्या वाचल्या असत्या."

या वाक्याचं उत्तर शोधण्यात माझी दोन वर्षं गेली. आज जे मत मांडते आहे ते म्हणजे ते उत्तर.

या विषयावर आपल्या बायकांत मला तीन प्रकारची मतं ऐकू येतात.

पहिलं मत म्हणजे "प्रवासात सगळं चालतं." आपद्धर्म म्हणून गोष्टी सुटतात हे मला मान्य आहे. आजारी माणसाला, अडकलेल्या माणसाला सवलत असते. पण ट्रेक ही आपत्ती नाही. आपण महिनाभर आधी तारीख ठरवून, हौसेनं, पैसे खर्चून जातो. बुटांचा तळ कसा हवा याचा विचार आठवडाभर करतो. मग ताटाचा विचार करायला तासभर मिळाला नाही, हे कारण मला पटत नाही.

दुसरं मत घरातल्या मोठ्यांचं. "एवढं सांभाळायचं तर जायचंच कशाला? बाईमाणसानं घरी बसावं." त्यांना मी नम्रपणे एवढंच विचारते, शिखरजीची वंदना कोण करतं? नऊ किलोमीटर चढ, नऊ किलोमीटर टोंकांची परिक्रमा, नऊ किलोमीटर उतार, असे सत्तावीस किलोमीटर आपल्या आज्या, सासवा पहाटे अंधारात निघून चालून आल्या. त्यातल्या कितीतरी जणी उपाशी पोटी, अनवाणी. गिरनारच्या जवळपास दहा हजार पायऱ्या त्या चढल्या. मांगीतुंगी चढल्या. आपल्या बायकांना डोंगर नवा नाही, आणि डोंगरावर नियम पाळणंही नवं नाही. सॅक आणि तंबू तेवढे नवे आहेत.

तिसरं मत सगळ्यात व्यवहारी आहे. "पालेभाजीचा नाद सोडा, खाकरा-चटणी न्या." हे मत मला बराच काळ पटत होतं. एका रात्रीच्या मुक्कामाला ते पुरेसंही आहे. पण दोन-तीन दिवस नुसतं कोरडं, तळलेलं, खारट खाऊन काय होतं ते ज्या गेल्यात त्यांना माहीत आहे. पोट धरतं, तोंड सुकतं, आणि दुसऱ्या दिवशी घास घशाखाली उतरत नाही. त्यात आपण बटाटा, कांदा, गाजर, मुळा काही नेत नाही, म्हणजे डोंगरावर टिकणाऱ्या भाज्यांपैकी निम्म्या आपल्याला आधीच बाद. दुधी, दोडका, कोबी नेता येतात, पण वजनाला जड आणि शिजायला गॅस जास्त. मेथीची जुडी हलकी, पाच-सात मिनिटांत शिजते, आणि गरम भाकरीबरोबर दोन घास पोटात गेले की माणूस माणसात येतं. म्हणून पालेभाजीला मी सरसकट नाही म्हणत नाही.

मग माझं मत काय? डोंगरावर पालेभाजी करायला हरकत नाही, पण ती ताजी आहे म्हणून शुद्ध आहे असं समजू नका. तिचं शोधन उजेडात झालं असेल तरच ती शुद्ध. उजेड नसेल तर ताज्या मेथीपेक्षा कोरडा खाकरा कितीतरी बरा. माझी चूक हीच झाली की मी पाकिटाला नावं ठेवता ठेवता ताजेपणालाच धर्म समजले.

आचार्य अमृतचंद्रांनी 'पुरुषार्थसिद्ध्युपाय' या ग्रंथात रात्रिभोजनाचा विचार करताना नेमका हाच मुद्दा घेतला आहे. सूर्याचा प्रकाश नसताना, दिवा लावला तरी, अन्नातल्या सूक्ष्म जीवांची हिंसा कशी टाळणार, असा त्यांचा प्रश्न आहे. हे मी पूर्वीही वाचलं होतं, स्वाध्यायात ऐकलं होतं. पण समई आणि कंदील यांच्यापुरतं ते आहे असं कुठंतरी मनात होतं. आताचे टॉर्च किती प्रखर! तरी त्या प्रखर टॉर्चमध्येही हिरव्या पानावरची हिरवी अळी मला दिसली नाही. त्याच अळ्या सकाळच्या कोवळ्या उन्हात क्षणात दिसल्या. शास्त्रातला तो प्रश्न मला त्या सकाळी पातेल्यानं समजावला.

तेव्हापासून मी जे करते ते सांगते. यात कुणाला उपदेश करायचा नाही, पण ज्या मुली विचारतात त्यांना उपयोग होईल.

तारीख ठरवताना आधी जैन दिनदर्शिका उघडते. अष्टमी, चतुर्दशीला आपल्यातल्या पुष्कळ जणी हिरवी भाजी खात नाहीत. शनिवार-रविवार चतुर्दशीवर येत असेल तर त्या वेळी पालेभाजीचा बेतच करत नाही. श्वेतांबर मैत्रिणींमध्ये तर फाल्गुन चौमासीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत आठ महिने भाजीपाला वर्ज्य असतो, त्यांच्यासाठी हिवाळ्याचे चार महिनेच उरतात. ज्या घरात जी परंपरा आहे ती बरोबर येणाऱ्या प्रत्येकीला आधी विचारावी. एकाच चुलीवर सहा जणींचं शिजतं तेव्हा सगळ्यांत कडक नियम जिचा, तिच्याप्रमाणे शिजवावं. त्यात बाकीच्यांचं काही जात नाही.

पावसाळ्यात पालेभाजी पूर्ण बंद. हे मी मुद्दाम लिहिते, कारण हल्ली पावसाळी ट्रेकची फार हौस आहे. आमच्या भागातून आषाढात पन्हाळा ते पावनखिंड चालत जाणारे पुष्कळ असतात. त्या दिवसांत डोंगरात टाकळा, कुर्डू, भारंगी, फोडशी अशा रानभाज्या उगवतात, वाडीवस्तीवर जेवायला थांबलं तर मावशी प्रेमानं तीच भाजी करतात. त्या मावशींची ती परंपरा आहे, त्यांना त्या भाज्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची ओळख आहे. आपण त्यांना नावं ठेवू नयेत, नाक तर मुळीच मुरडू नये. "मावशी, आमचे हे चार महिने पाल्याचे नसतात, नुसता भात आणि वरण वाढा, कांदा-लसूण नको," असं आधीच सांगावं. उपवास, व्रत हे शब्द त्या माउल्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतात. माझ्या अनुभवात यावरून कुणी रुसलेलं नाही. उलट एकीनं मला भाताबरोबर वाटीभर जास्तीचं तूप वाढलं होतं.

आणि स्वतः रानभाजी खुडायला तर जाऊच नये. बावीस अभक्ष्यांत अनोळखी फळ सांगितलं आहे. ज्याचं नाव, गुण माहीत नाही ते तोंडात घालायचं नाही. लहानपणी मला हा नियम उगाचच वाटायचा. रानात गेल्यावर कळलं की यात अहिंसा आहे आणि स्वतःचा जीव सांभाळणंही आहे. मोबाइलवरचा फोटो जुळला म्हणून पान खाण्यासारखं नसतं.

आता हिवाळ्यातली मेथी. निघायच्या आदल्या दिवशी दुपारी, उन्हात, पांढऱ्या सुती कापडावर निवडते. पान न् पान, दोन्ही बाजूंनी. कोवळ्या शेंड्यांत मावा दडून बसतो, म्हणून शेंडा हातानं उलगडून पाहते. शक्यतो दोघी बसतो, एकीच्या नजरेतून सुटलं तर दुसरीच्या नजरेत यावं म्हणून. अळी दिसली तर ते पान तसंच उचलून परसातल्या झाडाजवळ सावलीत ठेवते. मग गाळलेल्या पाण्यातून दोनदा काढून सावलीत पंख्याखाली पसरते. पूर्ण कोरडी झाली की कोरड्या सुती कापडात सैल गुंडाळून सॅकमध्ये सगळ्यात वर. प्लास्टिकच्या पिशवीत कधीच नाही, पानाला घाम सुटतो आणि ती काळी पडते. घरी चिरूनही नेत नाही. चिरायची ती फोडणी द्यायच्या आधी, तीही हवीच असेल तर. पालक आणि चाकवत पाठीवर चेंगरतात, म्हणून मी ट्रेकला मेथीशिवाय दुसरा पाला नेत नाही.

भाजी फक्त पहिल्या मुक्कामाची. दुसऱ्या दिवशी उरलेला पाला करायचा नाही, म्हणून मोजकाच नेते, दोघींना एक जुडी. शिजवलेलं तर रात्रीवर ठेवायचंच नाही. दुसऱ्या दिवसाला खाकरा, कडक भाकरी, शेंगादाण्याची चटणी, भाजलेल्या रव्याचा उपमा. पीठ नेलं तर हिवाळ्यात सात दिवसांच्या मर्यादेतलंच.

पाण्याचं गाळणं, म्हणजे दुहेरी जाड सुती कापड, माझ्या सॅकच्या बाहेरच्या कप्प्यात असतं. गडावरच्या टाक्याचं पाणी गाळायचं आणि कापडावरची जिवाणी पुन्हा त्याच टाक्यात हळूच सोडायची. गाळलेल्या पाण्याची मर्यादा ४८ मिनिटांची, म्हणून संध्याकाळी गॅस पेटलेला असतानाच दुसऱ्या दिवसाचं पाणी उकळून ठेवते, ते चोवीस तास चालतं. बरोबर येणाऱ्या परधर्मीय मुलीही आता माझ्याकडूनच पाणी घेतात. धर्म म्हणून नव्हे, पोट बिघडत नाही म्हणून.

गडावर सरपण गोळा करून चूल पेटवत नाही. वाळक्या लाकडात किती जीव असतात ते लाकूड फोडल्यावरच दिसतं, तोवर उशीर झालेला असतो. शिवाय कोरड्या गवताला एक ठिणगी पुरते. छोट्या डब्याचा गॅस नेते, तोही जिथं मुक्कामाला आणि स्वयंपाकाला परवानगी आहे तिथंच. हा डबा रेल्वेत, विमानात नेता येत नाही, हे लांब जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं. देठं, कचरा सगळा परत आणते. गडावर टाकलं की माकडं येतात, मग त्यांना आपल्या पिशव्यांची सवय लागते.

आणखी एक बारीकशी गोष्ट. गडावर पिठलं-भाकरी आणि ताक छान मिळतं, आणि दमल्यावर ते घ्यावंसंही वाटतं. पण बेसन किंवा डाळ आणि कच्च्या दुधाचं ताक एकत्र आलं की द्विदल. मूगडाळ घातलेल्या मेथीबरोबरही ताक नको. ताक घ्यायचं तर चढतानाच घ्यावं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वेळ. पौष-माघात दुपारी तीनच्या आत मुक्कामाला पोचता येत असेल तरच मेथी सॅकमध्ये जाते. चारला गॅस पेटला पाहिजे, पाचला पानं वाढली पाहिजेत. वाटेत उशीर झाला तर मेथी तशीच राहू द्यायची. दुसऱ्या दिवशी ती सुकलेली घरी परत येईल, पैसे वाया जातील, एवढंच. मी एकदा अशी परत आणली आहे. सासूबाईंनी पिशवी उघडून पाहिलं आणि म्हणाल्या, "फिरून आली होय गं मेथी?" त्या हसल्या, मीही हसले. पण त्या दिवशी मला वाटलं, राजगडाचं उत्तर आता कुठं मिळालं. शब्द दिला, हौस आहे, पोरी भुकेल्या आहेत, ही सगळी कारणं असताना पातेलं न चढवणं हे मला त्या वेळी जमायला हवं होतं.

लेक आता नोकरीला पुण्यात आहे. यंदा मे महिन्यात ती हिमालयात सात दिवसांच्या ट्रेकला निघाली होती. तिथं स्वयंपाकाचा तंबू वेगळा, आचारी वेगळे, पालक-राईचा साग मोठ्या पातेल्यात होतो, निवडणं आपल्या हातात नाही. तिनं फोन केला, "आई, काय करू?" मी म्हटलं, "तुला काय वाटतं?" ती म्हणाली, "पाला सोडते. डाळ, भात, रोटी खाईन, आणि जेवण उजेडात मागून घेईन. माघात तू वाळवलेली मेथी आहे ना, तिचे खाकरे करून दे." मी सावलीत वाळवलेल्या मेथीचे वीस खाकरे करून दिले. नियम तिनं स्वतःहून घेतला, मी घातला नाही. कदाचित त्या दोन अळ्यांनी तिला जे शिकवलं ते माझ्या दहा व्याख्यानांना जमलं नसतं.

मुलींना आपण "हे चालत नाही, ते चालत नाही" एवढंच सांगतो, आणि मग त्या बाहेर पडल्या की सगळंच सोडतात, म्हणून रडतो. त्यांना निवडायला शेजारी बसवायला हवं. उन्हात पान उलटून दाखवायला हवं. नियमाच्या मागे एक जीव असतो, तो डोळ्यांनी दिसला की नियम ओझं वाटत नाही. पाठीवर दहा किलो घेऊन चढणाऱ्या मुलीला गाळण्याचं एक कापड जड व्हायचं कारण नाही.

तेव्हा मैत्रिणींनो, यंदा हिवाळ्यात डोंगरावर जरूर जा. मेथी न्यायची असेल तर न्या, पण आदल्या दिवशी उन्हात निवडून न्या, आणि सूर्य साथ देत नसेल तर ती तशीच परत आणायची तयारी ठेवा. भाजी होणार नाही त्या दिवशी खाकरा खाऊन चांदण्यात णमोकार म्हणत बसा. पद्मावती माचीवरचं चांदणं पाहिलंत तर भाजीची आठवणही होणार नाही.

माझ्या लिहिण्यात जिनवाणीच्या विरुद्ध काही आलं असेल, कुणाच्या परंपरेबद्दल अजाणता उणं-अधिक बोलले असेन, तर मनापासून मिच्छामि दुक्कडं.